पिवळा दिवा लागला म्हणून लगेच मॉड्यूल बदलू नका

तुमची तक्रार थोडक्यात अशी: घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा आणि एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा एकदमच लागतात. गाडी बंद करून चालू केली की जातात, थोडं अंतर गेलं की परत येतात, आणि रस्ता ओला असला की जास्तच. वर्कशॉपने एबीएस मॉड्यूल, म्हणजे ही यंत्रणा चालवणारा कंट्रोल बॉक्स, बदलायला सांगितलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की महिन्यापूर्वी पुढचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर बदलले.

मला विचाराल तर दुखणं त्या शेवटच्या ओळीत आहे. मॉड्यूलला तूर्त हात लावू नका.

का, ते सांगतो. स्टॅबिलिटी कंट्रोल (ईएसपी, ईएससी, व्हीएससी, डीएससी, नावं कंपनीगणिक वेगळी, काम एकच) ही गाडी घसरू लागली की सावरणारी, एबीएसच्या डोक्यावर बसलेली यंत्रणा आहे; घसरणाऱ्या गाडीचा दिवा हिचाच. चारही चाकांचे स्पीड सेन्सर आणि ब्रेकचा हायड्रॉलिक पंप दोघांचे सामाईक. म्हणून एबीएसला काही झालं की ईएसपी आपोआप रजेवर जातं आणि दोन्ही दिवे लागतात. नुसता ईएसपीचाच दिवा लागत असता, तर मी स्टेअरिंग अँगल सेन्सर, ब्रेक लाइटचा स्विच, सीटखालचा किंवा गिअर लिव्हरजवळचा यॉ सेन्सर (गाडी किती वेगाने वळतेय ते मोजणारा), नाहीतर थेट इंजिन यांच्या मागे लागलो असतो. हो, इंजिनसुद्धा. घसरताना ईएसपीला इंजिनची ताकद कमी करून घ्यावी लागते. इंजिनातच फॉल्ट असेल तर ईएसपीही हात वर करतं, आणि माणसं बिचारी चाकं खोलून बसतात.

दुसरा धागा म्हणजे दिवा कधी लागतो. चावी फिरवल्यावर मॉड्यूल सगळ्या सर्किटची विजेच्या अंगाने तपासणी करतं. वायर पूर्ण तुटलेली असेल किंवा मॉड्यूल आतून गेलं असेल, तर बहुतेक वेळा दिवा उभ्या गाडीतच लागून राहतो. तुमचा दिवा गाडी हलल्यावर लागतो. म्हणजे उभ्या गाडीत सर्किट जुळलेलं आहे, पण चाक फिरायला आणि वळायला लागलं की एका चाकाचा हिशेब बाकी तिघांशी जमत नाही.

एक मात्र आधी बघा. सोबत ब्रेकचा लाल दिवा लागतोय का? हँडब्रेक सोडलेला असूनही लाल दिवा असेल तर गाडी जागेवरच ठेवा आणि ब्रेक ऑइलची पातळी पाहा. तो विषय वेगळा आणि गंभीर. नुसते पिवळे दिवे असतील तर साधा ब्रेक नेहमीसारखा लागतो, पण जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. अंतर राखून चालवा.

आता काम. बॅटरी पाच मिनिटांत तपासून होते, तेवढी उरकून घ्या: इंजिन बंद असताना १२.४ ते १२.७ व्होल्ट, चालू असताना साधारण १३.८ ते १४.७. बॅटरी मरगळलेली असेल तर हे दिवे उगाच लागतात. चारही टायर एकाच मापाचे आहेत ना, हवा सारखी आहे ना, तेही बघा. लहान स्टेपनी लावलेली असेल तर शोध तिथेच संपला.

मग पुढचं चाक. गाडी सपाटीवर, मागच्या चाकांना अडण, जॅक लावून वर घ्या आणि वजन स्टँडवर द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर आत हात घालू नका. चाक काढून स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा. हबपासून (चाक जिथे बसतं त्या मधल्या भागापासून) स्पीड सेन्सरची एक बारीक काळी केबल निघते, शॉकवरच्या ब्रॅकेटमध्ये रबरी बुचाने अडकते आणि मडगार्डच्या आत जाते. शॉक बदलताना ते रबर ब्रॅकेटमधून काढावंच लागतं. घाईत ते परत बसवायचं राहतं, किंवा केबलला पीळ देऊन बसवलं जातं. मग प्रत्येक वळणावर केबल ताणली जाते किंवा टायरला घासते.

नुसतं बघून भागणार नाही, बोटांनी चाचपा. केबल चिमटीत धरून दोन-दोन बोटं पुढे सरकत हलकेच वाकवत जा. आतलं तांबं शाबूत असेल तिथे ती जरा ताठ लागते. तुटलेल्या जागी मात्र दोरीसारखी लुळी दुमडते, वरचं आवरण अगदी धड दिसत असलं तरी. रबरी बुचाला लागूनच्या दोन इंचांत हे जास्त सापडतं. मग केबलच्या टोकाचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) उघडा. पिनांवर तांब्याच्या भांड्याला चढतो तसा हिरवट थर दिसला, तर ओल्या रस्त्याचं कोडं तिथेच सुटलं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, आतलं रबरी सील जागेवर आहे का बघा. दुसऱ्या बाजूलाही हेच.

सेन्सर हबमधून उपटायच्या फंदात शक्यतो पडू नका. गंजाने तो असा धरून बसतो की पकडीने ओढला की टोक आत आणि वायर हातात. स्क्रू काढल्यावर हाताने हलला तरच काढा. टोकावर लोखंडाची भुकटी चिकटलेली असेल ती पुसा. बसायच्या जागेवर गंज फुगून सेन्सर वर उचलला गेला असेल तर जागा घासून साफ करा. अर्धा मिलिमीटर अंतर वाढलं तरी सिग्नल कमजोर पडू शकतो.

मीटर लावणार असाल तर सेन्सर कुठल्या जातीचा ते आधी नक्की करा. जुन्या पॅसिव्ह सेन्सरमध्ये नुसतं कॉइल असतं. कपलर सोडवून ओहम मोजले तर साधारण एक ते दोन किलोओहम मिळतात, आणि आकड्यापेक्षा डाव्या-उजव्याची तुलना महत्त्वाची. नव्या गाड्यांत ॲक्टिव्ह सेन्सर असतो. त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक्स असल्याने ओहम मोजून काही कळत नाही, उलट सेन्सर बिघडू शकतो. दोन्हींना बहुतेक वेळा दोनच वायर असतात, त्यामुळे वायरी मोजून जात ओळखता येत नाही.

इथे माझीच फजिती सांगतो. माझ्या जुन्या गाडीत स्कॅनरवर फॉल्ट कोड मागच्या उजव्या चाकाच्या सेन्सरचा यायचा. सेन्सर बदलला, चार दिवसांत दिवा परत. तो खराब निघाला असं समजून दुसराही घातला. खरी खूण माझ्या पायाखालीच होती: कोरड्या रस्त्यावर, गाडी थांबता थांबता, शेवटच्या दोन-चार फुटांत पेडल थरथरायचं. शेवटी टॉर्च हातात धरून चाक हळूहळू फिरवलं, तेव्हा दात्यांच्या रिंगला (चाकासोबत फिरणारी, जिचे दाते सेन्सर वाचतो ती) केसाएवढी चीर दिसली. खालून गंज फुगला होता आणि रिंग तडकली होती. दर फेऱ्याला एक दाता चुकीचा वाचला जात होता. सेन्सर बिचारा खरंच बोलत होता. फॉल्ट कोड सर्किटचं नाव सांगतो, गुन्हेगाराचं नाही, हे मी दोन सेन्सरच्या पैशांत शिकलो.

म्हणून स्कॅनर घ्यायचा तर विचारून घ्या. स्वस्तातले बरेच स्कॅनर फक्त इंजिनचे, ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतात. आपल्याला एबीएसचे हवेत, ते ‘सी’ने सुरू होतात. त्याहून उपयोगी म्हणजे लाइव्ह डेटा, म्हणजे गाडी चालू असताना स्कॅनरवर दिसणारे प्रत्येक चाकाच्या वेगाचे आकडे. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्याला गाडी चालवू द्या, दहा-पंधराच्या वेगात, आणि तुम्ही चारही चाकांचे आकडे बघा. वळताना बाहेरची चाकं जरा जास्त दाखवणारच, त्याने दचकू नका. जो आकडा मध्येच शून्यावर आपटतो किंवा उड्या मारतो, ते चाक तुमचं.

केबल, कपलर, रिंग, सगळं धड निघालं तर आणखी एक प्रश्न: शॉकसोबत बेअरिंगही बदललं का? आजकाल बऱ्याच बेअरिंगांच्या सीलमध्येच दात्यांच्या रिंगऐवजी सेन्सरने वाचायची चुंबकी पट्टी असते, आणि बेअरिंग उलटं दाबलं गेलं की सेन्सरला काहीच दिसत नाही. एवढं करूनही चारही चाकांचे आकडे लाइव्ह डेटात सरळ दिसत असतील आणि दिवा लागतच असेल, तरच मॉड्यूलवर संशय घ्या. तेव्हाही आधी त्याचे फ्यूज आणि अर्थिंगची वायर बघून घ्या. हायड्रॉलिक भाग मात्र घरी उघडू नका. त्यातली हवा काढायला अनेक गाड्यांत स्कॅनरने पंप चालवावा लागतो. आणि स्टेअरिंगखालच्या पिवळ्या कपलरना हात नाही लावायचा, ते एअरबॅगचे.

दुरुस्तीनंतर गाडी चालू केली आणि दिवा तसाच दिसला तर निराश होऊ नका. बऱ्याच गाड्यांत थोडा वेग घेतल्यावर, चाकांचे सिग्नल जुळले की मगच तो विझतो. विझला की मोकळ्या जागेत स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून चार-पाच फेऱ्या मारा, मग कपलरवर पाणी उडवून पुन्हा तेच करा. त्यातही दिवा आला तर कोड आणि चाकांचे आकडे इथे लिहा, पुढचं तेव्हा बघू.