"आरतीच्या वेळीच जास्त भांडण होतं, मॅडम"

"घरात सगळं आहे, पण प्रसन्न वाटत नाही." धरमपेठेतून आलेले असोत की मनीषनगरातून, नागपुरातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याच्या पुढचंही मला पाठ झालंय. वास्तुशांत झाली, दिशा तपासून झाल्या, टेकडीच्या गणपतीला मंगळवार धरून झाले, मंत्र म्हणणारी पेटी दिवसभर सुरू असते. तरी घरात पाऊल टाकलं की जीव दडपतो, मुलं दार लावून बसतात. मग दबक्या आवाजात खरा प्रश्न येतो, "आमचे संस्कार कमी पडून राहिले का?"

एका कुटुंबाचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि बऱ्याच भेटी थोडक्यात आणल्यात.

ताई बँकेत, नवरा मिहानमधल्या कंपनीत, मुलगा सहावीत, आणि गावचं घर बंद करून लेकाकडे राहायला आलेल्या सासूबाई. ताईंची तक्रार नवऱ्याबद्दल होती. "हे कधीच आरतीला उभे राहत नाहीत. महालक्ष्म्यांना सोळा भाज्या, अंबील, पुरण, सगळं साग्रसंगीत मी करते. यांना फक्त पानावर बसायचं असतं."

नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. "मी मानत नाही. मानत नसताना हात जोडले तर ते ढोंग होईल."

दोघंही खरंच बोलत होते. अशा वेळी सणावारी उभे राहा, एरवी सूट, अशी तडजोड सुचवायचा मोह होतो. मी ती सुचवत नाही, कारण ती पुढच्या सणापर्यंतही टिकत नाही. कोण बरोबर यापेक्षा माणसांच्या मधे काय चाललंय ते बघावं, आणि ते घरातल्या सगळ्यात लहान माणसाला विचारावं, अशी माझी पद्धत आहे. म्हणून एकदा सगळ्यांना एकत्र बोलावलं.

मुलाला विचारलं, "संध्याकाळी सात वाजता तुमच्याकडे काय चाललेलं असतं?"

तो खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन नखानं सोलत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "आरती. म्हणजे आधी आई मला रागावते, मग बाबांना ऐकू जाईल असं काहीतरी बोलते, मग आरती."

"आणि मग?"

"मग आजी रडते. रोज नाही. पण आरतीच्या वेळीच जास्त भांडण होतं, मॅडम."

ताई काहीतरी बोलायला गेल्या आणि थांबल्या. मीही गप्प राहिले. इथे समजावायची घाई केली की हातात आलेलं निसटतं, एवढं या खोलीत बसून मला कळलंय. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "मी देवासमोर उभी असते, पण कान दाराकडे असतात. हे येतात का म्हणून."

पूजेत काही उणं नव्हतं. कापूर, निरांजन, नैवेद्य, सगळं जागच्या जागी. पण त्या पूजेची शाळेतली हजेरी झाली होती, आणि रोज एक जण गैरहजर लागत होता.

तिढा सोडवला आजींनी. तोवर त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. "आमच्या गावात संध्याकाळी सारे प्रार्थनेले बसत," त्या म्हणाल्या. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना, विदर्भात कितीतरी गावांमध्ये ती आजही होते. "थ्यात थोडं चूप बसाचं राहे. डोये मिटून कोन आत काय करते, थे कोन पायते? मानणारा बसे, न मानणारा बी बसे." मग लेकाकडे वळून म्हणाल्या, "दोन मिनिटं चूप बसाले काय जाते रे बाप्पा तुह्यं?"

नवरा माझ्यासमोर पहिल्यांदाच हसला. "चूप बसायला मी तयार आहे."

ठरलं ते इतकंच. सात वाजता फोन दुसऱ्या खोलीत, चौघं सतरंजीवर. आजी दिवा लावणार, मग दोन मिनिटं शांत. नंतर ताईंनी आरती म्हणावी, ज्याला उठायचं त्यानं उठावं, उठणाऱ्याला टोमणा नाही. नवऱ्यानं आपणहून माठ आणि गॅलरीतलं पाखरांचं भांडं भरायचं काम घेतलं. मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला की ते भांडं दुपारीच कोरडं पडतं. मुलगा आपोआप वडिलांच्या मागे जायला लागला.

ताईंना आधी ते रुचलं नाही. "पाणी भरणं म्हणजे काय पूजा आहे?" मी विचारलं, "ते आरतीला उभे राहिले असते, तर तुम्हाला काय मिळालं असतं?" त्या म्हणाल्या, "हे घर माझ्या एकटीवर नाही, असं वाटलं असतं." पुढे मला काही सांगावं लागलं नाही.

स्टीव्हन वोलिन आणि लिंडा बेनेट या अमेरिकन संशोधकांनी 1980 च्या सुमारास दारूचं व्यसन असलेल्या कुटुंबांचा अभ्यास केला होता. व्यसन असूनही ज्या घरांनी एकत्र जेवण आणि सणवार विस्कटू दिले नाहीत, तिथे ते व्यसन पुढच्या पिढीत कमी उतरलेलं दिसलं. विधी कुठला, हा मुद्दा नव्हता. दीक्षाभूमीच्या या शहरात कितीतरी बौद्ध घरांत संध्याकाळी मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हणतात. तिथल्या आयाही माझ्याकडे हेच गाऱ्हाणं घेऊन येतात, आणि तिथेही मी हेच विचारते, की त्या वेळी घरात आवाज कुणाचा चढलेला असतो?

म्हणून नवं काही सुरू करायच्या आधी, आहे त्या पूजेतून रागावणं बाहेर काढा. अभ्यासाची, मार्कांची, पगाराची गोष्ट दिव्यासमोर नको. वेळ अशी धरा की सगळे तसेही घरात असतील. पहाटे पाचचा संकल्प दुसऱ्या आठवड्यात मोडतो आणि वर अपराधी वाटतं ते वेगळंच. प्रत्येकाला स्वतःचं एक काम द्या, फुलं आणणं असो की रांगोळी, आणि ते त्यानं वाकडंतिकडं केलं तरी मागून जाऊन नीट करू नका. (हे आयांना सगळ्यात जड जातं.) खंड पडला तर भरपाई नको, दुसऱ्या दिवशी नुसतं बसा. आणि कॉलेजातल्या मुलांना जबरदस्ती नको, जागा तेवढी ठेवा.

मोठ्या सणांचाही असा उपयोग होतो. महाल भागातलं एक कुटुंब तान्ह्या पोळ्याला, मारबतीची, म्हणजे वाईटाच्या पुतळ्याची, मिरवणूक निघायच्या आधी, घरातून काय जावं ते चिठ्ठ्यांवर लिहितं. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" हे रस्त्यावर सारेच ओरडतात. यांच्या चिठ्ठ्यांत "बाबांचं जेवताना फोन बघणं" असतं.

मात्र कुणी तीच पूजा पुन्हा पुन्हा करत असेल, चुकली तर अनर्थ होईल या भीतीनं तासन्‌तास उठतच नसेल, तर हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, किंवा 14416 या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोला. घरात मारहाण असेल तर महिला हेल्पलाइन 181 आहे. अशा घरातून आलेल्या बाईशी मी निरांजनाबद्दल एक शब्दही बोलत नाही.