आंब्याची कोय म्हणजेच बी ना? रुजवताना वरचं टरफल काढावं का?

नाही, कोय म्हणजेच बी नव्हे. कोयीचं टणक, केसाळ टरफल बीचं नाहीच, ते फळाचं आहे. साल, गर आणि टरफल हे तिन्ही फळाच्याच भिंतीचे थर. बी त्याच्या आत, तपकिरी पापुद्र्यात. वनस्पतिशास्त्रात अशा फळाला अश्मगर्भी म्हणतात. नारळही त्यातलाच. सोडण हा मधला थर, करवंटी आतला, आणि खोबरं म्हणजे बीचा भाग. नारळाची आपण बी खातो, आंब्याची बी उकिरड्यावर टाकतो.

एवढं ठासून सांगतोय ते आमच्या भावोजींमुळे. एका मे महिन्यात सगळे बागेतल्या घरी जमले होते. जेवणं झाल्यावर भाच्याने चोखलेली कोय विळीवर फोडली, तर आतून काळपट भुंगा चालत बाहेर. भावोजी सगळ्यांदेखत म्हणाले, "जुना माल दिसतोय, किडा शिरलाय." मी म्हटलं, शिरला असता तर सालीला भोक नको? गर आत्ताच खाल्लात, कुठे काही लागलं? तर म्हणतात, "मग काय, कोयीत आपोआप जन्मला?" आणि पंगत हसली. बागायतदाराला हे झोंबतंच.

तर ऐका. टरफल पहिल्यापासून टणक नसतं. कैरी लहान असताना मादी भुंगा सालीवर अंडं घालते. अळी कोवळ्या गरातून, तितक्याच कोवळ्या टरफलातून आत बीपर्यंत जाते. पुढे फळ वाढतं, गरातली वाट भरून येते, टरफल कडक होतं, आणि अळी आत बी खात बसते. तिथेच कोष, तिथेच भुंगा. आंबा कालच उतरवलेला असला तरी हे होणार. अमेरिकेने 2007 मध्ये आपला आंबा घ्यायला सुरुवात केली ती किमान 400 ग्रे विकिरणाच्या, म्हणजे किडीसाठी फळावर तेवढ्या मात्रेचे किरण सोडण्याच्या अटीवर, आणि त्यामागच्या मुख्य कारणांत हा कोयीतला भुंगा होता. म्हणून तर लासलगावच्या विकिरण केंद्रात पेट्या न्याव्या लागल्या. बाहेरून ओळखता आला असता तर निवडून बाजूला काढला नसता का? भावोजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी सुपारी मागितली.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर टरफल काढा. कडेने सुरी घालून हलकेच उचकटा, बी दुखवू नका. अंकुर लवकर येतो, मूळ सरळ जातं, आणि आत भुंगा असेल तर तिथेच कळतं. असलाच तर ठेचा, आणि कोणी "जुना माल" म्हणालं तर आधी गरातलं भोक दाखवायला सांगा. कोय मात्र ताजीच लावा. वाळवून ठेवलेली रुजत नाही.

आणि हो, हापूसची कोय लावून हापूसच मिळेल ही आशा सोडा. वर कलम बांधून घ्यावं लागेल, नाहीतर जे येईल ते रायवळ म्हणून खा.