२०१२ची पेट्रोल गाडी, टाकी फुल केली की स्टार्टिंगला त्रास आणि पेट्रोलचा वास. इव्हॅपमध्ये (टाकीतली पेट्रोलची वाफ पकडून इंजिनला देणाऱ्या यंत्रणेत) काय तपासू?

टाकी भरल्यावरच त्रास होतो म्हणजे पहिला संशय पर्ज व्हॉल्व्हवर, म्हणजे ती वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेवर. तो उघडाच अडकतो. थंड इंजिन आयडलिंगवर ठेवा, व्हॉल्व्हचा कॅनिस्टरकडचा (वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्याकडचा) पाइप काढा आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट धरा. ओढ जाणवली तर व्हॉल्व्ह गेला. खात्रीसाठी तो सुटा काढून स्वच्छ नळीने फुंका: करंट नसताना हवा आरपार जाता कामा नये. आतून काळी भुकटी निघाली तर कॅनिस्टरही बदला, नाहीतर तीच नव्या व्हॉल्व्हमध्ये अडकेल.

व्हॉल्व्ह ठीक असेल तर पाइपांच्या क्लॅम्पजवळच्या चिरा आणि फिलर कॅपचं रबर बघा. पावसाळ्यात बिल्डिंगखालचे उंदीरही पाइप कुरतडतात.

आणि पंपावर नोझल कट झाल्यावर ‘राउंड फिगर’ बंद. ते जास्तीचं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरून कोळसा भिजवतं.