पहिला कन्सोल घेताय? आधी गेम ठरवा

टीव्हीला जोडून गेम खेळायचा पहिला कन्सोल घ्यायचाय? घ्याच, फक्त घाई नको. टेराफ्लॉप्सचे, म्हणजे कन्सोलची ताकद सांगणारे आकडे सध्या बाजूला ठेवा. खेळायचेच आहेत असे पाच गेम कागदावर लिहा आणि ते कशावर चालतात ते बघा. मारिओ, झेल्डा हवेत तर कन्सोल निन्टेन्डोचाच लागेल. मित्र कशावर खेळतात तेही विचारा, सगळ्याच गेमना क्रॉसप्ले, म्हणजे वेगवेगळ्या कन्सोलवरून एकत्र खेळायची सोय, नसतो.

नवखे हमखास फसतात ते डिस्कमध्ये. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एस या कन्सोलला डिस्क ड्राइव्हच नाही. वापरलेल्या डिस्क स्वस्तात घेऊ म्हणाल, तर त्या घालणार कुठे? शिवाय त्याच्या मूळ मॉडेलला जागा ५१२ जीबी, आणि एखादा मोठा गेम सहज १०० जीबी खातो.

ऑनलाइन खेळायची वर्गणी बजेटमध्ये आधीच धरा. घरात खेळणारे दोघं असतील तर दुसरा कंट्रोलरही.