वाचकांचे प्रश्न : फाटकाशी अडणारे खेचर

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची असून सहाव्या वर्षापासून ती घोड्यावर बसते. लहान गटातील प्रदर्शनांत तिने आपल्या घोडीसह बरीच बक्षिसे मिळवली आहेत. या वर्षी आम्ही तिच्याकडे सहा वर्षांचे एक खेचरही सोपवले. घरच्या रिंगणात ते सगळे नीट करते, पण स्पर्धेच्या फाटकाशी आले की पाय रोवून उभे राहते. अलीकडे त्याचे खोगीरही सारखे पुढे सरकते. गेल्या वेळी तिने छडी उगारली, तरी ते तसूभर हलले नाही, आणि मुलगी रडत परतली. खेचर हट्टीच असते, ते सोडून घोडीकडे लक्ष द्यावे, असे सर्वांचे म्हणणे आहे. आपले मत काय?
— एक पालक

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे, ते म्हणजे खोगीर पुढे सरकते हे. घोड्याच्या मानेच्या मुळाशी पाठीवर जो उंचवटा असतो, तो खोगिराला अडवून धरतो. खेचराचा हा उंचवटा बसका आणि पाठ सरळ असते, त्यामुळे घोडीचे खोगीर त्याच्या पाठीवर ठेवले तर ते उतारावर किंवा अचानक थांबताना खांद्यांवर येऊन आदळते. पंधरावीस मिनिटे फेरफटका मारून आल्यावर खोगीर उतरवून पाठीवरचा घाम पाहा. घामाने भिजलेल्या भागात मधेच एखादा कोरडा ठिपका राहिला असेल, तर तेथे दाब पडत असण्याची दाट शक्यता आहे. खेचराच्या पाठीला बसणारे खोगीर घ्या आणि त्याला दुमची, म्हणजे खोगीर मागून धरून ठेवणारा शेपटीखालचा पट्टा, लावा. मात्र दुमची थेट स्पर्धेच्या दिवशी लावू नका. शेपटीखालच्या त्या पट्ट्याची सवय होण्यासाठी आधी काही दिवस स्वार न बसवता, हाताने चालवत, ती लावून पाहावी.

आता फाटकाविषयी. खेचराची आई घोडी आणि बाप गाढव. घोड्याची गुणसूत्रे 64, गाढवाची 62, आणि खेचराच्या वाट्याला येतात 63. पण येथे आपल्या कामाचा आहे तो बापाकडून आलेला स्वभाव. घोडा कळपात राहणारा आणि उघड्या माळावर पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. गाढवाचे पूर्वज कोरड्या, खडकाळ प्रदेशात विखरून राहत; तेथे आंधळेपणाने पळण्यापेक्षा थांबून नीट पाहणे शहाणपणाचे होते. म्हणून शंका आली की घोडी बुजते आणि खेचर थबकते. माणसाला पहिल्यात भीती दिसते आणि दुसऱ्यात हट्ट, हा आपलाच दृष्टिदोष आहे. (मीही लहानपणी एका खेचराला तास-दीड तास ओढत बसलो होतो, वाटेतल्या लाकडी पुलाची फळी खरोखरच कुजलेली निघाली.) थबकलेल्याला छडी मारली की फाटक म्हणजे मार, एवढाच धडा त्याच्या डोक्यात बसतो, आणि खेचराची स्मरणशक्ती चांगली असते.

आणखी एक गोष्ट तपासा : खेचर अडते त्या वेळी आपली घोडी कोठे उभी असते? खेचरांना घोडीचा फार लळा असतो. ओझी वाहणाऱ्या खेचरांच्या तांड्यापुढे गळ्यात घंटा बांधलेली घोडी चालवण्याची जुनी पद्धत होती; मग मागच्या खेचरांना बांधावे लागत नसे. घरच्या रिंगणातून घोडी बहुधा दिसत असेल, आणि स्पर्धेत मात्र फाटक ओलांडताच ती मागे राहत असेल. तसे असेल तर अडचण फाटकाची नसून ताटातुटीची आहे आणि घरीच रोज थोडा वेळ दोघांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचा सराव करावा लागेल.

पुढच्या प्रदर्शनाला कोणत्याही गटात नाव न नोंदवता जा. खेचर जेथे अडते, त्याच्या दोन पावले अलीकडे मुलीने स्वतःहून थांबावे. त्याचा एक कान फाटकाकडे आणि एक तिच्याकडे असेल. ती वाट पाहील. दोर सैल राहील. मान खाली सोडून त्याने लांब श्वास टाकला की एकच पाऊल मागावे, आणि खूर उचलला जाताच दोराचा ताण सोडावा, खूर टेकण्याची वाट पाहू नये. दोन-तीन पावलांनंतर तिनेच त्याला वळवून परत न्यावे. पहिल्या दिवशी आत गेले नाही, तरी हरकत नाही.

तोवर तिला खेचर हाताने धरून दाखवण्याच्या गटात उतरवा. त्या गटात जनावर मनातल्या मनात चार भागांत विभागलेले असते. पंच पुढच्या भागापाशी असतील तर मुलगी त्यांच्या विरुद्ध बाजूला, आणि ते मागच्या भागाकडे सरकले की त्यांच्याच बाजूला. पण ती नेहमी डोक्यापाशी, कधीही थेट समोर नाही. याचे कारण पंचांना जनावर दिसावे एवढेच नाही. ते बिथरले तर मुलगी त्याचे तोंड स्वतःकडे ओढते आणि त्यामुळे मागचे पाय पंचांपासून दूर फिरतात. हे कारण समजलेले मूल पाठांतर केलेल्या मुलाहून वेगळे दिसते, आणि ते आम्हां पंचांच्या लगेच ध्यानात येते.

खेचर सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रिटनच्या ड्रेसाज (स्वाराच्या इशाऱ्यांवर शिस्तबद्ध चाली करून दाखवण्याचा खेळ) संघटनेने 2018 मध्ये खेचरांना आपल्या स्पर्धा खुल्या केल्या, म्हणजे पुढची वाट बंद आहे असेही नाही. शिवाय घोडी आजवर मुलीच्या चुका पोटात घालत आली आहे. खेचर त्या घालत नाही. काही महिन्यांनी ती घोडीवर बसेल तेव्हा तिची टाच आणि लगाम दोन्ही हलके झालेले आपल्याला दिसतील.

प्रश्न : मी सोळा वर्षांचा आहे. माझा पोनी 280 किलोचा आहे आणि माझी उंची झपाट्याने वाढते आहे. मी त्याच्यावर बसणे कधी थांबवावे?

उत्तर : स्वार, खोगीर आणि इतर सामान मिळून जनावराच्या वजनाच्या पाचव्या भागाहून अधिक भार नसावा, असा ढोबळ नियम आहे. तुमच्या पोनीसाठी तो 56 किलो होतो, आणि त्यात खोगिराचेच कित्येक किलो जातात. पाय लांब झाल्याने समतोल बिघडत असेल तर त्याही आधी थांबा. त्याला विकण्याची घाई मात्र करू नका. हाताने धरून दाखवण्याच्या गटात तो अजून कित्येक वर्षे तुमच्यासोबत उतरू शकतो, आणि घरातल्या धाकट्याला शिकवायला त्याच्याइतका अनुभवी गुरू मिळणार नाही.

प्रश्न : पडल्यानंतर हेल्मेटला तडा दिसत नसेल तर ते वापरावे का?

उत्तर : डोके आपटले असेल तर नाही. आतला फोमचा थर एकदाच दबतो, आणि दबलेला बाहेरून दिसत नाही.