चीक लवकर शिजतो, पण उशिरा करपतो

प्रश्न : सर, मी जळगावला एम.एस्सी. करते. कच्च्या केळीच्या स्टार्चवर ॲसिटिक ॲनहायड्राइडची क्रिया केली. डीएससीत (तापवताना नमुना किती उष्णता घेतो ते मोजणारी चाचणी) जिलेटिनायझेशनचं, म्हणजे पाण्यात शिजून घट्ट होण्याचं, तापमान ७४ वरून ६८ अंशांवर आलं, पण टीजीएत (तापवताना वजन किती घटतं ते मोजणारी चाचणी) विघटनाचं तापमान उलट थोडं वर सरकलं. मग माझा स्टार्च उष्णतेला कच्चा झाला की पक्का? आणि आई विचारते, विकतच्या सॉसमध्ये हेच घालतात का?
— एक वाचक, यावल तालुका

उत्तर : दोन्ही निकाल खरे असू शकतात. डीएससीच्या पॅनमध्ये तू स्टार्चसोबत पाणी घातलंस, टीजीएत नुसती कोरडी पूड ठेवलीस. गोम इथेच आहे.

उन्हाळ्यात आपल्याकडे कुरडयांचा चीक शिजवतात, तो आठव. आधणात ओतला की बघता बघता घट्ट होतो, पांढरेपणा जाऊन चकाकी येते आणि हाटणारीचे हात भरून येतात. तोच चीक वाळवून, पूड करून कोरड्या तव्यावर टाक. शंभराच्या पुढे गेला तरी घट्ट व्हायचं नाव नाही. आधी तांबूस होईल, मग करपेल. शिजणं डीएससीत दिसतं, करपणं टीजीएत.

स्टार्चच्या दाण्यात साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरून असतात. मध्ये ॲनहायड्राइडमधून आलेले ॲसिटिल गट घुसले की ती दाटी सैल होते, पाणी लवकर आत शिरतं; म्हणून तुझे ६८. एन्थाल्पीही, म्हणजे शिजायला लागणारी उष्णता, बहुधा उतरली असेल. तो आकडा पत्रात नाही, प्रबंधात मात्र हवाच. कोरडा स्टार्च साधारण ३०० अंशांच्या आसपास फुटतो, तेव्हा त्याचे हायड्रॉक्सिल गट पाणी होऊन निघून जातात. त्यातले काही तू ॲसिटिलने आधीच अडवलेस, म्हणून विघटन वर सरकू शकतं. पण हा परिणाम ठळक दिसायला बदलाचं प्रमाण भरपूर लागतं. टायट्रेशन करून डीएस (दर ग्लुकोज घटकामागे सरासरी किती हायड्रॉक्सिल गट बदलले तो आकडा) काढलास का? कमाल ३ असतो, तुझा ०.१ च्या आत असेल, तर त्या 'थोडं वर'वर मी फारसा विसंबणार नाही. तेवढा फरक नमुन्याचं वजन बदललं तरी पडतो.

डीएससीचा पॅन प्रयोगाआधी आणि नंतर तोलत जा. झाकण गळकं असलं तर पाणी उडतं आणि भलताच उंचवटा उमटतो. दोन्ही नमुन्यांत पाण्याचं प्रमाणही सारखंच हवं, एक भाग स्टार्चला तीन भाग पाणी चालेल. पाणी कमी पडलं की शिजण्याचं तापमान वर पळतं.

आईंना सांग, घालतात. पाकिटावर १४२० लिहिलेलं असेल तर ॲसिटिलेटेड स्टार्च. १४२२ असेल तर ॲसिटिलसोबत साखळ्या ॲडिपेटने सांधलेल्याही असतात. साध्या कॉर्नफ्लोरची ग्रेव्ही फ्रिजमध्ये पाणी सोडते, ही सहसा सोडत नाही. खाद्य स्टार्चमध्ये ॲसिटिल गट २.५ टक्क्यांपर्यंतच चालतात. तुझा नमुना मात्र प्रयोगशाळेतच राहू दे.