अ‍ॅग्रीच्या पहिल्या वर्षाची आखणी: आधी पिकाचं वेळापत्रक, मग परीक्षेचं

तुझ्या प्रश्नाचा गाभा मी असा धरतो, की अ‍ॅग्रीला, म्हणजे कृषी पदवीला, अ‍ॅडमिशन झालीय, घरी शेती नाही, बारावीला गणित नव्हतं, आणि पहिल्याच सेमिस्टरला सहा-सात विषय एकदम अंगावर येणार आहेत तर कुठल्या विषयाला किती वेळ द्यायचा. मी बरीच वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रॅक्टिकलं घेतलीत त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो, निवांत वाच.

बहुतेक मुलं काय करतात, विषयांची यादी काढायची, प्रत्येकाला आठवड्याचे सारखे तास वाटायचे आणि परीक्षा जवळ आली की रात्री जागायच्या. अ‍ॅग्रीत हे गणित बसत नाही कारण इथला अर्धा अभ्यास जिवंत असतो आणि तो आपल्यासाठी थांबत नाही. प्रकाशसंश्लेषणाचं प्रकरण तू रात्री अकरालाही वाचू शकतोस, पण सोयाबीन जमिनीतून वर कसं येतं हे बघायचं असेल तर पेरणीनंतरचा पहिला आठवडा-दहा दिवस एवढीच संधी, ती गेली की थेट पुढच्या हंगामात. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की जे परत मिळणार नाही त्याला आधी वेळ दे आणि पुस्तकातलं त्याच्या मागे लाव.

प्रत्यक्षात कसं करायचं तर सेमिस्टरच्या सुरुवातीला कॉलेजच्या फार्मवर जाऊन विचार की या हंगामात काय पेरलंय किंवा पेरणार आहेत, आणि मग कॅलेंडरवर आधी त्या पिकाच्या अवस्था लिही, उगवण, फुटवे किंवा फांद्या, फुलोरा, दाणे भरणं, काढणी. परीक्षांच्या तारखा त्यानंतर लिही. असं केलंस की लगेच लक्षात येईल की फुलोरा आणि सत्र परीक्षा बऱ्याचदा एकाच सुमारास येतात, म्हणजे त्या काळात प्रॅक्टिकलचं काम वाढणार, मग थिअरी आधीच उरकलेली बरी.

आणि एक पीक निवड. एकच. त्याच्याकडे आठवड्यातून एकदा वीस मिनिटं जायचं, तीच पाच-सहा झाडं खूण करून ठेवायची आणि वहीत तारीख टाकून लिहायचं, उंची, पानं किती, कुठलं पान पिवळं पडतंय, कीड दिसली का, जमीन ओली की भेगाळलेली. हे वाचायला फार साधं वाटतं पण सगळे विषय याच वहीत एकत्र येतात. उदाहरण देतो. मक्याचं खालचं जुनं पान टोकाकडून मधल्या शिरेने इंग्रजी व्ही सारखं पिवळं पडत आत येतंय असं दिसलं तर पहिला संशय नत्राचा म्हणजे नायट्रोजनचा, कारण नत्र झाडात फिरतं आणि कमी पडलं की झाड ते जुन्या पानातून काढून नव्या पानाला देतं. लोह तसं फिरत नाही, म्हणून लोहाच्या कमतरतेत कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. आता यात सॉइल सायन्स आलं, फिजिओलॉजी आली, अ‍ॅग्रोनॉमी म्हणजे पीकशास्त्र आलं. पुस्तकात हा तक्ता पाठ करताना जुनं पान कुठलं आणि नवं कुठलं याची उलटापालट होते, शेतात एकदा नीट बघितलं की सहसा होत नाही.

अजून एक गोष्ट, सोयाबीन फुलोऱ्यात असताना एक झाड परवानगी घेऊन मुळासकट काढ, पण उपटू नकोस, उपटलंस की मुळांवरच्या, नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या गाठी मातीतच राहतात. बाजूने खोदून मातीच्या ढेकळासकट उचल, बादलीत पाण्यात ठेव, माती आपोआप सुटू दे. मग मुळावरची गाठ नखाने किंवा ब्लेडने काप. आतून गुलाबी-लालसर दिसली तर ती कामात आहे, तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातकुळीतला, आणि तो तिथे ऑक्सिजन आटोक्यात ठेवतो म्हणजे नत्र स्थिर करणारं एन्झाइम बिघडत नाही. पांढरी असेल तर अजून तयार नाही, हिरवट किंवा तपकिरी असेल तर काम संपलेलं. मुलांना हे दाखवल्यावर जैविक नत्र स्थिरीकरणावरचे प्रश्न परत समजवावे लागले नाहीत असा माझा अनुभव आहे.

हर्बेरियम म्हणजे वाळवून चिकटवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आणि कीटक संग्रह, यावर मुलांचे सगळ्यात जास्त हाल होतात आणि ते पूर्ण टाळता येण्यासारखे आहेत. तण ओळखायला फूल लागतं, फूल नसलेला नमुना कितीही नीट चिकटवला तरी उपयोग कमी, त्यामुळे तण फुलावर आलं की त्याच दिवशी मुळासकट घे, पेपरात दाब आणि पहिले काही दिवस पेपर रोज बदल नाहीतर बुरशी येते. कीटकांचंही तसंच, फुलपाखरू कडक व्हायच्या आत पंख पसरून लावावे लागतात, भुंग्याला पिन उजव्या कडक पंखातून टोचतात, मधोमध नाही. आठवड्याला दोन-तीन नमुने एवढा वेग ठेवलास तर शेवटी धावपळ होत नाही. आणि प्रत्येकाला जागा, तारीख, कुठल्या पिकावर सापडला हे तिथल्या तिथे लिही, नंतर आठवत नाही.

शास्त्रीय नावांची भीती सगळ्यांनाच वाटते. सुटी नावं पाठ करू नकोस, कुळाने लाव. टोमॅटो, बटाटा, वांगं, मिरची एका कुळातली, कापूस आणि भेंडी एका कुळातली. मग पुढे एंटोमॉलॉजीत म्हणजे कीटकशास्त्रात ठिपक्यांची बोंडअळी भेंडीवर पण दिसते हे ऐकून नवल वाटत नाही, आणि टोमॅटोच्या जिवाणूजन्य मर रोगानंतर त्याच जमिनीत वांगं का लावायचं नाही याचं कारण आधीच हातात असतं.

आता केमिस्ट्री. पहिल्या वर्षी मुलं हिला बिनकामाची समजतात आणि मग दोन वर्षं सॉइल सायन्स रट्टा मारून काढतात. मोल, आयन, पीएच, बफर, ऑक्सिडेशन-रिडक्शन आणि टायट्रेशन एवढं पक्कं कर, बाकीचं मागून आलं तरी चालेल. पीएच 6 वरून 5 झाला म्हणजे हायड्रोजन आयन दहापट झाले, हे समजलं की आम्ल जमिनीत चुना टाकायचा विषय सोपा होतो. मातीतला सेंद्रिय कर्ब मोजायची वॉकली-ब्लॅक पद्धत 1934 पासूनची आहे आणि ती म्हणजे सरळ डायक्रोमेट वापरून केलेलं टायट्रेशनच आहे, जो अकरावी-बारावीत ब्युरेट नीट वाचायला शिकला त्याला ती अवघड नाही. मातीचा पोत मात्र हाताने शिक. थोडी माती ओली करून मळ, अंगठा आणि बोटाच्या मधे दाबत पट्टी काढ, चरचर लागली तर वाळू जास्त, मऊ पावडरसारखी पण न चिकटणारी असेल तर पोयटा, लांब पट्टी निघाली आणि बोटाला चिकटली तर चिकणमाती. प्रयोगशाळेचा रिपोर्ट असलेल्या चार-पाच नमुन्यांवर आधी हात बसवून घे, म्हणजे आपला अंदाज कुठे चुकतो ते कळतं.

गणित नव्हतं याचं टेन्शन घेऊ नकोस, पहिल्या वर्षी लागतं ते मुख्यतः टक्केवारी, एकक बदलणं आणि त्रैराशिक, पण ते न अडखळता यायला पाहिजे. एक नमुना सोडवून दाखवतो. समज शिफारस हेक्टरी 120 किलो नत्र आणि 60 किलो स्फुरद म्हणजे फॉस्फरस अशी आहे, हातात डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) आणि युरिया ही खतं आहेत. डीएपीत 18 टक्के नत्र आणि 46 टक्के स्फुरद, म्हणून आधी स्फुरदाचा हिशोब, 60 भागिले 0.46 म्हणजे साधारण 130 किलो डीएपी. त्यातून नत्र आपोआप मिळालं सुमारे 23.5 किलो. राहिलं 96.5, युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे 210 किलो युरिया. जो आधी युरियापासून सुरुवात करतो तो 120 किलोसाठी 261 किलो काढून बसतो आणि डीएपीतलं नत्र वर जादा जातं. आणि एक लक्षात ठेव, पिशवीवरचा स्फुरदाचा आकडा हा पी टू ओ फाइव्हचा असतो, शुद्ध फॉस्फरस हवा असेल तर 0.44 ने गुणायचं.

दुसरा प्रकार बियाण्याचा. 60 बाय 20 सेंटीमीटरवर मका म्हणजे एका झाडाला 0.12 चौरस मीटर, हेक्टरी 83,333 झाडं. हजार दाण्यांचं वजन 250 ग्रॅम धरलं तर 20.8 किलो, उगवण 90 टक्के असेल तर 0.9 ने भाग, 23 किलोच्या आसपास. असली दोन-तीन उदाहरणं रोज आकडे बदलून कर, महिनाभरात हात बसतो. इथे फक्त एककं चुकतात, डोकं चुकत नाही, म्हणून प्रत्येक ओळीत एकक लिहायची सवय लाव.

घरी शेती नाही याने काही बिघडत नाही हे मी मनापासून सांगतो. शेती असलेल्या मुलांना काय करायचं हे माहीत असतं, का करायचं हा प्रश्न त्यांना कधी पडलेलाच नसतो, आणि कॉलेज तो प्रश्न विचारतं. तुला उलट हाताचं काम कमी पडेल, तर प्रॅक्टिकलला मागे उभा राहू नकोस, खुरपं, पंप, तिफण जे असेल ते हातात घे, आणि फार्मवर काम करणाऱ्या माणसांशी ओळख ठेव. जमीन वाफशावर, म्हणजे मशागतीला योग्य ओलीवर, आली की नाही हे ते मूठभर माती दाबून सांगतात, ते कसं ठरवतात हे त्यांना विचारून घे.

आठवड्याचं म्हणशील तर सिलॅबसमधे प्रत्येक विषयाला थिअरी किती आणि प्रॅक्टिकल किती हे आकड्यात दिलेलं असतं, तिथून वजन ठरव. प्रॅक्टिकलचं जर्नल त्याच संध्याकाळी पूर्ण करायचं, यात सूट नाही. केमिस्ट्री आणि हिशोब रोज थोडं थोडं, वाचनाचे विषय, म्हणजे एक्स्टेन्शन (कृषी विस्तार), रूरल सोशिऑलॉजी वगैरे, आठवड्यातून एकदा सलग बसून. इकॉनॉमिक्सला घटत्या फलाचा नियम आला की तो खताच्या आलेखावर लावून बघ, पटकन उमगेल.

स्पेशलायझेशन आत्ता ठरवू नकोस. पण फार्मवर प्रयोगाचे प्लॉट दिसले तर पाट्या वाच, एकच ट्रीटमेंट, म्हणजे खताची मात्रा किंवा तसा एखादा उपचार, तीन-चार ठिकाणी वेगवेगळ्या जागी का लावलीय ते सरांना विचार. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात 1843 पासून गव्हावर खतांचा प्रयोग चालू आहे, तिथेच 1919 मधे संख्याशास्त्रज्ञ फिशर आला आणि प्लॉट चिठ्ठ्या टाकून का वाटायचे हे त्याने पक्कं बसवलं. पुढच्या वर्षांत स्टॅटिस्टिक्स येईल तेव्हा या पाट्या डोळ्यासमोर असल्या की निम्मं काम झालेलं असतं.

कॉलेज सुरू व्हायला वेळ असेल तर लॉगॅरिदम, एककं आणि टायट्रेशन एवढंच उजळून ठेव. खरेदीत दहापट मोठं दाखवणारं खिशातलं भिंग, मोजपट्टी आणि पाण्याने पसरणार नाही अशा शाईचं पेन, सध्या पुरे. सिलॅबस हातात आला की पहिल्या सेमिस्टरच्या विषयांची नावं आणि फार्मवर कुठलं पीक आहे ते लिही, त्यावरून आठवड्यांची मांडणी करून देतो.